फिरत्या घराचे ओझे आणि गाडीची ऐपत

बेंगळूरुच्या जुन्या विमानतळ रस्त्याने मारतहळ्ळीकडे जाऊ लागले की हिंदुस्थान एरोनॉटिक्स कंपनीचा विस्तीर्ण परिसर लागतो. भारतात घडलेल्या ‘मारुत’ या पहिल्या लढाऊ जेट विमानाचा जन्म याच ठिकाणी झाला. मारतहळ्ळी या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्तीही याच विमानाशी जोडली जाते. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली आखल्या गेलेल्या या विमानाने १७ जून १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. ध्वनीच्या दुप्पट वेग हे त्याचे उद्दिष्ट होते. तथापि, ज्या ब्रिटिश इंजिनाच्या भरवशावर आराखडा बेतला होता, त्या इंजिनाचा विकास मध्येच थांबला आणि त्याहून कमी ताकदीचे इंजिन बसवावे लागले. मारुताची १४७ विमाने तयार झाली, १९७१ च्या युद्धात त्यांनी मोलाची कामगिरीही बजावली. मात्र आराखड्यातील वेग त्यांना कधीच गाठता आला नाही. सांगाडा एका ताकदीसाठी आणि इंजिन दुसऱ्या ताकदीचे, अशी ती विजोड होती.

हाच विजोडपणा आज एका वेगळ्या रूपात सामान्य कुटुंबाच्या दारी येऊ पाहत आहे. मारतहळ्ळी, बेळंदूर, व्हाइटफील्ड या पट्ट्यात संगणक व्यवसायाच्या निमित्ताने स्थिरावलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. इमारतीखालच्या वाहनतळात दणकट बांध्याची मोठी गाडी उभी असते, सुट्यांत गावाकडे किंवा समुद्राकडे जाण्याची ओढ असते, आणि अशा वेळी मोटारीमागे जोडून नेण्याच्या फिरत्या घराची, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरची, कल्पना मनात घर करते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. केरळनेही त्याच वर्षी असा उपक्रम हाती घेतला. त्यामुळे या विषयाचे कुतूहल वाढले आहे. ‘आपली गाडी ताकदवान आहे, ती सहज ओढील,’ असा विश्वासही असतो. परंतु हा विश्वास आकड्यांच्या कसोटीवर घासून पाहिल्याशिवाय विक्रेत्याच्या हाती इसाऱ्याची रक्कम देणे शहाणपणाचे ठरत नाही.

ऐपत म्हणजे उरलेली ऐपत

बँकेत कर्ज मागावयास आलेल्या ग्राहकाचे वेतन ८०,००० रुपये असेल, तर त्याला ८०,००० रुपयांचा हप्ता झेपेल असे कोणी म्हणत नाही. त्यातून आधीचे हप्ते, करकपात आणि घरखर्च वजा केल्यावर जे उरते, ती त्याची परतफेडीची क्षमता. गाडीची ओढण्याची क्षमताही अशीच आहे. माहितीपत्रकात छापलेला आकडा हे वेतन होय. माणसे, सामान आणि उपकरणे वजा केल्यावर उरते ती खरी ऐपत. बहुतेक चुका या दोहोंतील फरक न ओळखल्यामुळे होतात.

शिवाय ही क्षमता केवळ इंजिनावर ठरत नाही. गाडीचा सांगाडा, मागची चाके, स्प्रिंगा, ब्रेक, गिअर, इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा आणि जोडणीचे लोखंड या सर्वांची एक साखळी असते, आणि साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते. चिखलात रुतलेला ट्रक दोराने बाहेर काढणारी गाडी तोच भार तासन् तास महामार्गावर सुरक्षित ओढू शकेल, असा त्याचा अर्थ होत नाही. ओढता येणे ही एक गोष्ट. वळवता येणे आणि वेळेवर थांबवता येणे या त्याहून महत्त्वाच्या गोष्टी.

पाच आकडे

ट्रेलर आणि गाडी यांची जोडी जुळते की नाही हे ठरविण्यासाठी पाच आकडे हाताशी असावे लागतात.

पहिला, रिकामे वजन. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात ते ‘अनलॅडन वेट’ म्हणून नमूद असते. दुसरा, एकूण मान्य वजन, म्हणजे ‘ग्रॉस व्हेइकल वेट’. माणसे व सामान यांसह गाडीचे वजन जास्तीत जास्त किती असावे, याची ही मर्यादा होय. गाडीला आणि ट्रेलरला ती स्वतंत्रपणे असते. दुसऱ्यातून पहिला वजा केला म्हणजे गाडीची वाहून नेण्याची क्षमता मिळते.

तिसरा, जोडीचे एकूण वजन. भरलेली गाडी आणि भरलेला ट्रेलर मिळून किती भार चालेल, याची ही मर्यादा उत्पादक ठरवितो. चौथा, ओढण्याची मर्यादा. हीत दोन आकडे असतात: एक स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आणि दुसरा ब्रेक नसलेल्यासाठी. दोहोंतील अंतर फार मोठे असते. युरोपात एकूण ७५० किलोहून अधिक वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात, यावरून त्याचे महत्त्व ध्यानात यावे. पाचवा आणि सर्वाधिक दुर्लक्षित आकडा म्हणजे जोडावरील भार. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या मागील जोडावर खाली किती दाब देतो, त्याची ही मर्यादा आहे.

या पाचांपैकी चारांत जोडी बसली आणि एकात बसली नाही, तर ती बसली नाही असेच समजावे.

बैलगाडीचा धडा

जोडावरील भाराचे मर्म मराठी वाचकास परके नाही. बैलगाडीत माल मागच्या बाजूस अधिक भरला की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि गाडीवरचा ताबा जातो. उलट, माल फार पुढे भरला तर सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. जाणता गाडीवान चाकाच्या आसाच्या किंचित पुढे वजन ठेवतो, म्हणजे जू मानेवर टेकून राहते, पण रुतत नाही.

ट्रेलरचे शास्त्र तंतोतंत हेच आहे. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर असावा असे मानतात. युरोपातील हलक्या बांधणीच्या ट्रेलरसाठी हे प्रमाण साधारणतः ५ ते ७ टक्के असते. भार याहून कमी झाला तर ट्रेलर वेगात असताना शेपटासारखा डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागतो. शेजारून भरधाव जाणाऱ्या ट्रकच्या हवेचा एक धक्काही त्यास पुरेसा होतो. असे हेलकावे सुरू झाल्यास ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू उचलावा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे. जोरात ब्रेक दाबू नये वा वेग वाढवू नये. भार प्रमाणाबाहेर वाढला तर गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सैल पडते. ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढताना चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके अधांतरी होताना सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागात अनेकांनी पाहिलेले असते. ओढणाऱ्याच्या मागच्या भागावर अतिरिक्त ताण आला की काय होते, याचे ते जिवंत उदाहरण होय.

एक हिशेब

मारतहळ्ळीत राहणाऱ्या एका चौकोनी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट गाडीचे नसून केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी योजलेले आहेत.

गाडीचे रिकामे वजन २,००० किलो, एकूण मान्य वजन २,६०० किलो, जोडीच्या वजनाची मर्यादा ४,२०० किलो, ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ओढण्याची मर्यादा २,००० किलो आणि जोडावरील भाराची मर्यादा १२० किलो आहे. ट्रेलरचे रिकामे वजन १,१५० किलो व एकूण मान्य वजन १,५०० किलो आहे. माहितीपत्रकातील १,१५० आणि २,००० हे दोन आकडे शेजारी ठेवले तर ८५० किलोची चैन दिसते. आता भरायला घेऊ.

प्रथम ट्रेलर. टाकीत ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. घरी इन्व्हर्टरला लावतात तशी मोठी बॅटरी ५५ किलो. ५ किलो गॅसचे भरलेले लहान सिलिंडर १३ किलो. वातानुकूलन यंत्र ३५ किलो, बाहेर ताणावयाचे छत २५ किलो. अंथरूण-पांघरूण, भांडी, शिधा आणि कपडे १२० किलो. ही बेरीज ३२८ किलो होते. म्हणजे रस्त्यावर येणारा ट्रेलर १,१५० किलोचा नसून सुमारे १,४८० किलोचा असतो, आणि स्वतःच्या मान्य वजनापासून तो केवळ २० किलो दूर असतो. त्याच्या ७ टक्के धरल्यास जोडावर सुमारे १०४ किलो भार येतो.

आता गाडी. आई-वडील आणि दोन मुले मिळून २२० किलो, गाडीतील सामान १२० किलो, छतावरील कॅरिअर ४० किलो, जोडणीचे लोखंड ४० किलो. एकूण ४२० किलो. गाडी २,४२० किलोची झाली. जोडावरील १०४ किलो भारही तिलाच वाहावा लागतो. म्हणून २,५२४ किलो. मर्यादा २,६०० ची आहे, तेव्हा ठीक. जोडीचे वजन २,४२० अधिक १,४८०, म्हणजे ३,९०० किलो. तेही ४,२०० च्या आत. चौघांचा प्रवास नियमात बसतो.

दिवाळीत मात्र आजी-आजोबाही बरोबर निघतात. दोघांचे १३० किलो आणि त्यांच्या सामानाचे ३० किलो मिळवल्यावर गाडी २,५८० किलोवर जाते. त्यात जोडावरील १०४ किलो मिळविताच आकडा २,६८४ होतो, म्हणजे मर्यादेपेक्षा ८४ किलो अधिक. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, जोडीचे एकूण वजन ४,०६० किलो असल्याने त्या मर्यादेत अजूनही सवड आहे, आणि ओढण्याची २,००० किलोची मर्यादा तर दूरच आहे. तरीही गाडी अतिभारित झाली. छापील क्षमता शाबूत आणि खरी क्षमता संपलेली, ती अशी.

यावर उपाय आहे. पाण्याची टाकी रिकामी ठेवून मुक्कामी भरावी. ट्रेलरचे ८० किलो कमी होतात. तेवढेच सामान गाडीतून ट्रेलरमध्ये, आसाच्या लगत, हलवावे. ट्रेलर पुन्हा १,४८० किलोचा होतो आणि गाडी, जोडावरील भारासह, २,६०४ किलोवर येते. अजूनही ४ किलो जास्तच! छतावरील कॅरिअर काढून ठेवल्यावर २,५६४ किलोवर हिशेब जमतो. ४० किलोचे कॅरिअर घरी राहिले म्हणून आजी-आजोबा बरोबर येऊ शकले. गाडीला सहा आसने आहेत, एवढ्यावरून हा निर्णय करता आला नसता.

कागदावरील हा हिशेब प्रवासापूर्वी सार्वजनिक वजनकाट्यावर एकदा पडताळून पाहावा. सहकुटुंब भरलेली गाडी, मग जोडलेली जोडी आणि शेवटी सुटा ट्रेलर, अशी तीन वजने घेतली की शंका उरत नाही.

घाटातील कसोटी

सपाट महामार्गावर अनेक चुका झाकून जातात. बेंगळूरुहून तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी करीत बेळगावपर्यंतचा प्रवास विनासायास होतो. पण तेथून आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे उतरताना जोडीची खरी परीक्षा होते. घाटमाथा ते पायथा ही उतरण ढोबळमानाने ६०० मीटर धरू. ३,९०० किलोची जोडी एवढी उतरते तेव्हा सुमारे ६ युनिट विजेइतकी ऊर्जा कोठे तरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत साधारण ७५ लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. ट्रेलरवाचून हीच ऊर्जा सुमारे ४ युनिट असते. यांपैकी काही भाग हवेचा आणि रस्त्याचा विरोध शोषून घेतो. उरलेला एकतर इंजिनाने रोखावा लागतो किंवा ब्रेकने. चालक सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर त्यांची पकड कमी होते. म्हणून घाट उतरण्यास आरंभ करण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि ब्रेक थांबून थांबून, पण ठामपणे वापरावेत.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक का हवेत, याचे उत्तर येथेच मिळते. त्यांचे दोन प्रकार प्रचलित आहेत. एकात गाडीचा वेग कमी होताच मागून येणारा ट्रेलर जोडावर दाब देतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. दुसऱ्यात विजेवर चालणारे ब्रेक असून त्यांचे नियंत्रण चालकाजवळ असते. याखेरीज जोड निसटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी तार आणि सुरक्षासाखळी या वस्तू ऐच्छिक मानू नयेत.

चढावरही गणित बदलते. १२ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची वाढणाऱ्या चढावर एकट्या गाडीला केवळ उतारावर मात करण्यासाठी सुमारे २०० किलोभाराचा जोर लावावा लागतो. जोडीला ३२५ किलोभाराचा. त्यातच मे महिन्याचे ऊन आणि सुरू असलेले वातानुकूलन यांची भर पडते. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढू लागला तर सुरक्षित जागी थांबणे हाच मार्ग होय.

लहानशा वाटणाऱ्या दोन बाबींचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. जोडणीच्या गोळ्याचा व्यास युरोपीय पद्धतीत ५० मिलिमीटर, तर अमेरिकी पद्धतीत २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर असतो. फरक एका मिलिमीटरहूनही कमी. परंतु २ इंचांची वाटी ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर सैल बसते आणि तेवढ्या सैलपणातून जोड सुटू शकतो. दुसरी बाब टायरची. टायरच्या कडेवर भारनिर्देशांक छापलेला असतो: ९१ म्हणजे प्रत्येक टायरला ६१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. गाडीच्या मागच्या आणि ट्रेलरच्या टायरांवरील हा अंक वाचून पाहण्यास एक मिनिटही लागत नाही.

परदेशी आकड्यांचा मोह

आपल्या देशात खासगी मोटारीमागे ट्रेलर जोडण्याची प्रथा अल्प असल्यामुळे अनेक गाड्यांच्या भारतीय माहितीपुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेलीच नसते. मग ग्राहक परदेशी आवृत्तीचा आकडा शोधतो. महाराष्ट्रात चाकण येथे तयार होणारी स्कॉर्पिओ-एन ही गाडी ऑस्ट्रेलियात विक्रीस आली, तेव्हा तेथे तिच्यासाठी ब्रेक असलेल्या ट्रेलरची २,५०० किलोची मर्यादा जाहीर झाली. तोच आकडा येथील गाडीला लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु परदेशी आवृत्तीत इंजिनाचा प्रकार, चारचाकी चालना, टायर, स्प्रिंगा आणि जोडणीचा सांगाडा वेगळा असू शकतो. तो आकडा तेथील नियम आणि तेथील जोडणी गृहीत धरून दिलेला असतो.

यास्तव नियम सोपा ठेवावा. येथे विकल्या गेलेल्या नेमक्या प्रकारच्या गाडीसाठी उत्पादकाचा लेखी आकडा मिळत असेल तरच तो ग्राह्य धरावा. आकडा मिळत नसेल तर ओढण्याची क्षमता शून्य समजावी. ‘आमच्या एका ग्राहकाने याच गाडीने ओढला आहे,’ हे विक्रेत्याचे आश्वासन अपघातानंतर कोणत्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही.

कायदा, नोंदणी आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हाही मोटार वाहनच आहे. इंजिन नाही म्हणून तो कायद्याच्या बाहेर राहत नाही. कलम ६१ अन्वये नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू होतात, त्याला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो आणि त्याचा स्वतंत्र तृतीय पक्ष विमा असणे आवश्यक ठरते. म्हणून खरेदीपूर्वी त्या नमुन्याला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे काय, हे विचारावे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आणि अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास संस्था या अशा संस्थांपैकी आहेत. विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१, रस्त्यायोग्यतेचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२ आणि नोंदणीचा अर्ज म्हणजे नमुना २० ही कागदपत्रे पूर्ण झाल्याशिवाय नोंदणी होत नाही. ओळखीच्या कारागिराकडून बांधून घेतलेला सुबक ट्रेलर या टप्प्यावर अडतो आणि त्यात गुंतविलेली रक्कमही अडकून पडते.

कलम ११३ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण मान्य वजनापेक्षा अधिक भार घेऊन वाहन चालविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये यासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद झाली. कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निर्णयात हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे मागील जोडणी बसविण्यापूर्वी उत्पादक आणि प्रादेशिक परिवहन कार्यालय या दोघांकडून लेखी खुलासा घ्यावा.

मारतहळ्ळीतील मराठी कुटुंबांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे. गाडी महाराष्ट्रातील नोंदणीची असून कर्नाटकात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिली असेल, तर कलम ४७ नुसार नव्या नोंदणी क्रमांकासाठी अर्ज करावा लागतो. ट्रेलर घेण्याआधी गाडीचीच कागदपत्रे नीट करून घेणे इष्ट.

विम्याच्या बाबतीत मौन घातक ठरते. गाडीमागे ट्रेलर जोडला जाणार आहे, हे विमा कंपनीस लेखी कळवावे आणि त्याची नोंद पॉलिसीत करून घ्यावी. मर्यादेबाहेरचा भार वा न कळविलेला बदल आढळल्यास गाडीच्या नुकसानीचा दावा वादात सापडतो, आणि नेमक्या त्याच वेळी कुटुंबाला पैशाची सर्वाधिक निकड असते.

कर्ज घेण्यापूर्वी

ट्रेलरसाठी ८ लाख रुपयांचे कर्ज ५ वर्षांच्या मुदतीने घेतले आणि व्याज द.सा.द.शे. १० धरले, तर मासिक हप्ता सुमारे १७,००० रुपये होतो. मुदतीअखेर सुमारे १०.२० लाख रुपये फेडले जातात. वर्षातून सहा सहली आणि प्रत्येकी चार रात्री, असा उत्साही हिशेब धरला तरी वर्षाच्या २४ रात्री होतात. हप्त्याचे वार्षिक २,०४,००० रुपये त्यांवर विभागले तर एका रात्रीस ८,५०० रुपये पडतात. यात विमा, देखभाल आणि उभा करण्याच्या जागेचे भाडे धरलेले नाही. मारतहळ्ळीसारख्या दाट वस्तीत हा शेवटचा खर्च लहान नसतो. इमारतीतील मोटारीच्या जागेत सहा मीटर लांबीचा ट्रेलर मावत नाही.

याहून मोठा धोका क्रम चुकण्यात आहे. आधी मनात भरलेला ट्रेलर घेतला जातो. मग आपली गाडी त्यास पुरी पडत नाही असे ध्यानात येते. आणि अखेर ट्रेलरसाठी म्हणून नवी मोठी गाडी घ्यावी लागते. एका हप्त्याच्या पोटी दुसरा हप्ता जन्मास येतो. म्हणून निवडीचा आरंभ नेहमी हाती असलेल्या गाडीपासून करावा आणि ट्रेलर तिच्या उरलेल्या क्षमतेत बसवावा. पहिल्या वर्षी भाड्याने फिरते घर घेऊन एक-दोन सहली करून पाहिल्यास आवड आणि गरज यांतील फरकही स्पष्ट होतो.

खरेदीपूर्वी स्वतःला विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या नेमक्या गाडीसाठी ओढण्याची व जोडावरील भाराची मर्यादा उत्पादकाने लेखी दिली आहे काय?
२. सर्व माणसे व सामान भरल्यावर गाडीच्या मान्य वजनातून किती किलो उरतात, आणि त्यात जोडावरील भार बसतो काय?
३. ट्रेलरचे वजन रिकामे धरले आहे की भरलेले? हिशेब नेहमी त्याच्या एकूण मान्य वजनावर करावा.
४. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक, सुरक्षासाखळी आणि जोड सुटल्यास ब्रेक लावणारी तार आहे काय?
५. नमुन्याची मान्यता, नोंदणी व विमा यांची कागदपत्रे इसारा देण्यापूर्वी पाहिली आहेत काय?
६. तो उभा कोठे करणार?

शक्य तर मर्यादेच्या काठावर न जाता काही सवड राखावी. ब्रिटनमध्ये नवख्या चालकांना ट्रेलरचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. वरील उदाहरणात ही मर्यादा १,७०० किलो येते आणि १,४८० किलोचा ट्रेलर तिच्या आत बसतो. तरीही दोन पाहुणे वाढताच गाडीची सवड संपली होती, हे विसरू नये.

मारुत विमान चालविणाऱ्या वैमानिकांना आपल्या विमानाची मर्यादा ठाऊक होती, म्हणून ते त्याच्याकडून उत्तम काम करून घेऊ शकले. गाडीच्या बाबतीतही मर्यादा ठाऊक असणे हा कमीपणा नव्हे. जो आपल्या गाडीत किती किलोची सवड उरली आहे हे सांगू शकतो, त्याने फिरते घर खुशाल घ्यावे. ज्याला ते सांगता येत नाही, त्याने आधी वजनकाट्यावर जावे आणि मगच बँकेत यावे.